अंगठ्याखालचा नंबर

त्रेचाळीस हजार तीनशे. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण भेटणारा प्रत्येक जण शेवटी तोच विचारतो आणि मग असा चेहरा करतो, जणू मीच कुणाला तरी लुबाडलंय. ३४,५०० गोल्फच्या ड्रायव्हरचे, म्हणजे लांब मारायच्या क्लबचे (काठीचे), ६,५०० 'टूर शाफ्ट'चे, म्हणजे त्याच्या दांड्याचे, २,३०० कसल्याशा क्लिअरन्सचे. यात मित्राचे पैसे धरलेले नाहीत. त्याच्याकडे नंतर येतो, ते लिहायला जास्त जड जाणार आहे.

माझा हँडिकॅप २८ आहे (हा आकडा जितका कमी, तितका खेळ बरा). पाच वर्षांपूर्वी २६ होता, म्हणजे प्रगती कुठल्या दिशेने चाललीय ते समजा. टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, बॉल निघतो तो बरा निघतो, आणि मग घरी काहीतरी विसरल्यासारखा उजवीकडे वळतो. यालाच स्लाइस म्हणतात. मी ड्रायव्हर काढला की आमच्यातले दोघे न बोलता माझ्या डाव्या बाजूला सरकतात. पाच वर्षं हे बघतोय. हे सांगतोय अशासाठी, की 'एवढा शिकलेला माणूस फसलाच कसा' म्हणणाऱ्यांनी आधी पाच वर्षं स्लाइस मारून बघावा.

जाहिरात, मग चॅट, मग 'सर, शेवटचाच पीस आहे', ही साखळी तुम्हाला सांगायला नको. मलाही ठाऊक होती. पण या माणसाने किंमत आधी सांगितलीच नाही. 'सर, स्विंगचा व्हिडिओ पाठवा, त्याशिवाय मी कुणालाही क्लब देत नाही,' म्हणाला. मी पाठवला. तासाभरात व्हिडिओ परत आला, त्यावर लाल रेघा मारलेल्या, आणि खाली लिहिलेलं, 'सर, तुमचा स्विंग चांगला आहे. क्लब तुम्हाला साथ देत नाहीये.'

पाच वर्षांत हे वाक्य मला कुणी ऐकवलं नव्हतं. माझ्या प्रोने, म्हणजे शिकवणाऱ्याने, तर मुळीच नाही.

पुढे त्याने जे सांगितलं ते आज वाचलं तरी कानशिलं तापतात, कारण त्यातलं प्रत्येक वाक्य उलटं होतं आणि ते उलटं आहे हे मला माहीत होतं. म्हणे ९ डिग्री लॉफ्ट (फेस, म्हणजे बॉलला लागणारी बाजू, मागे किती झुकलीय त्याचा कोन), लो स्पिन हेड, एक्स्ट्रा स्टिफ शाफ्ट, टूरवरच्या, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांतल्या खेळाडूंसाठी काढलेला माल, आणि याने स्लाइस सरळ होईल. अहो, लॉफ्ट जितका कमी तितका बॉलला बॅकस्पिन (मागची फिरकी) कमी, आणि फेस उघडा, म्हणजे उजवीकडे तोंड करून राहिला की बॉल तितकाच जास्त वळतो. माझ्यासारख्याला १०.५ किंवा त्याहून वरचं, अगदी १२सुद्धा चालेल, वजन हीलकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला, झुकलेलं, आणि चुकून टोकाला लागला तरी न फिरणारं हेड लागतं. हे मीच दुसऱ्यांना तोंड वर करून सांगत आलोय! शिवाय हा म्हणाला की याची सीटी २७० आहे, 'दुकानात मिळणार नाही सर'. सीटी म्हणजे फेस किती उसळी देतो त्याचं माप. नियमात मर्यादा २३९ मायक्रोसेकंद, वर १८ची सूट, म्हणजे २५७ला विषय संपला. टूरचा माल त्याहून उसळता कसा असेल? टूरवाल्यांचेच तर तपासतात. २०१९च्या ब्रिटिश ओपनआधी अमेरिकन खेळाडू झँडर शॉफलीचा ड्रायव्हर तपासणीत नापास झाला आणि त्याला तो बाजूला ठेवून दुसरा घ्यावा लागला, ही बातमी मी स्वतः चवीने वाचली होती. वाचलेलं सगळं त्या एका 'तुमचा स्विंग चांगला आहे'पुढे वाहून गेलं.

आता तो क्षण. दोन महिने झाले, रोज रात्री तो मला येऊन भेटतो.

मी फोटो मागितले. त्याने तीन पाठवले. एकात सोल, म्हणजे हेडचा तळ, एकात फेस, आणि तिसऱ्यात हेड हातात धरून बाजूने काढलेलं. होझलवर, म्हणजे हेडच्या मानेवर, सीरियल नंबर कोरलेला असतो. तिन्ही फोटोंत त्या मानेवर त्याचा अंगठा होता. सोलच्या फोटोत मान धरायचं काही कारणच नव्हतं, तरी अंगठा तिथेच, तसाच आडवा. नखाच्या कडेला काळा डाग होता, दारात चेंगरल्यासारखा. तो डागसुद्धा मी बघितला, कारण फोटो मी दोन बोटांनी ताणून ताणून मोठा करत होतो. कशासाठी? वरच्या कार्बनची वीण कशी चमकते ते बघायला! अंगठा काढून एक फोटो दे, एवढं टाइप करायला किती वेळ लागला असता? मनात आलंही होतं. पण वाटलं, आता संशय दाखवला तर हा म्हणेल 'राहू द्या सर', आणि दुसऱ्या कुणाला देऊन टाकेल. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी वाद घालणारा मी, इथे माणूस दुखावेल म्हणून गप्प बसलो.

१०,००० आगाऊ पाठवले, दोन दिवसांनी २४,५००. मग म्हणाला, शाफ्ट तुमच्या स्पीडला बसवून देतो, ६,५००. मग पार्सल अडकलंय, २,३००. शेवटच्या २,३००च्या वेळी पोटात कळ आली होती, खोटं नाही सांगत, पण ४१,००० अडकलेले असताना माणूस २,३००साठी मागे फिरत नाही. हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

आणि पार्सल आलं! म्हणूनच मी इतका गाफील राहिलो. रिकामा खोका आला असता तर त्याच दिवशी बोंब मारली असती. हेडकव्हर, पाना, छापील कागद, सगळं होतं. पहिल्या राउंडला तीन ड्राइव्ह सरळ गेले. १४ पैकी तीन. उरलेल्या अकरांचं खापर मी स्वतःवर फोडलं आणि तिघांचं श्रेय क्लबला दिलं. घरी येऊन त्या माणसाला आभाराचा मेसेज केला. तो मेसेज त्याने नंतर, माझ्या नावासकट, पुढच्या गिऱ्हाइकांना दाखवला.

त्या गिऱ्हाइकांत माझा मित्र होता. त्याला नंबर मीच दिला. मीच म्हणालो, 'अरे घे, मी वापरतोय ना!' त्याचे ३४,५०० आणि २,३००, म्हणजे ३६,८०० गेले. शाफ्ट त्याने घेतला नाही, तेवढीच अक्कल आमच्या दोघांत मिळून शिल्लक होती. त्यातले निम्मे, १८,४००, मी त्याला भरून दिले. तो नको म्हणत होता. मी दिले, कारण नाहीतर त्याच्यासमोर टीवर उभं राहवलं नसतं. म्हणजे माझ्या खिशातून एकूण ६१,७००.

कळलं कसं, तर त्याचा ड्रायव्हर आला त्या रविवारी आम्ही दोन्ही एकाच बाकावर आडवे ठेवले होते. तो बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला, 'नंबर जुळे भाऊ दिसतात.' मी हसलो. मग वाकून बघितलं. दोन्ही मानांवर एकच सीरियल नंबर. मागचापुढचा नव्हे, अक्षर न् अक्षर तोच. नऊचं पोट दोन्हीकडे सारखंच अर्धवट कोरलेलं. तेव्हा मला तो अंगठा कळला.

दुसऱ्या दिवशी क्लब दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. सोबत आलेला पाना स्क्रूमध्ये धड बसत नव्हता, त्याचाही नीट बसेना. खटपट करून हेड सुटं केलं. काट्यावर भरलं २१८ ग्रॅम. आजकालच्या ड्रायव्हरचं हेड २००च्या आसपास असतं. मग त्याने ड्रॉवरमधून एक छोटं चुंबक काढलं आणि फेसपाशी नेलं. टक् करून चिकटलं. टायटॅनियमला चुंबक चिकटत नाही. तो बिचारा काही बोलला नाही, चुंबक तसंच लटकत राहू दिलं आणि माझ्याकडे बघत राहिला. (फेअरवे वूडवर, म्हणजे ड्रायव्हरच्या धाकट्या भावावर, हा प्रयोग करून घाबरू नका, खऱ्या वूडचा फेसही बऱ्याचदा स्टीलचाच असतो. आणि सोलवरच्या वजनाच्या स्क्रूला चिकटलं तर त्यावरूनही काही सिद्ध होत नाही. फेसला लावून बघा.) लॉफ्ट मोजला, ९ कोरलेला होता तिथे साडेसात निघाला. साडेसात डिग्री, २८ हँडिकॅपच्या हातात! वर तो म्हणाला, यापुढे मारू नका, मानेच्या आत जोड कच्चा आहे, एखाद दिवशी हेड सुटून कुणाच्या तरी अंगावर जाईल.

आता मदत करणाऱ्यांकडे येऊ.

बँक. पहिला फोन बावीस मिनिटं. 'सर, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, ओटीपी तुम्हीच टाकलात, त्यामुळे हा अधिकृत व्यवहार धरला जातो.' मी म्हटलं, फसवणूक अशीच होते हो, चोर काय स्वतः ओटीपी टाकतो? तिकडून तेच वाक्य पुन्हा, त्याच चालीत. तक्रार क्रमांक दिला. आठ दिवसांनी निरोप आला की तक्रार समाधानकारकरीत्या बंद केली आहे. समाधान कुणाचं झालं ते कळवलं नाही.

जिथे जाहिरात दिसली तिथे कळवलं. चार सेकंदांत उत्तर. चार! या जाहिरातीने आमच्या कुठल्याही नियमाचा भंग केलेला नाही.

ज्या कंपनीचं नाव त्या हेडवर कोरलंय त्यांना लिहिलं. त्यांनी सीरियल नंबर मागवला, तपासला आणि कळवलं की नंबर खरा आहे. झालं! नंबर खराच असणार, एका खऱ्या क्लबवरून उचललाय आणि कितींवर छापलाय देव जाणे. हे समजावून दुसरा मेल केला, तर 'अधिकृत विक्रेत्याकडूनच खरेदी करावी' असा सल्ला. धन्यवाद, हे मला ६१,७०० देऊन आधीच कळलं होतं.

आणि पोलीस. दीड तास बाकावर. टेबलामागच्या साहेबांनी क्लब हातात घेतला, उलटासुलटा केला आणि शेजारच्याला मोठ्याने म्हणाले, 'या काठीला त्रेचाळीस हजार!' खोलीतले सगळे वळले. मग मला म्हणाले, 'वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली? दर्जाबद्दल वाद आहे, दिवाणी बाब आहे.' मी चुंबक खिशातून नेलं होतं. चिकटवून दाखवलं. ते म्हणाले, लोखंडाला चुंबक चिकटणारच. मी सांगितलं की साहेब, तेच तर म्हणतोय, हे लोखंड आहे. यावर त्यांनी चहा मागवला. माझ्यासाठी नाही. दुसऱ्या खेपेला चॅट मागितलं, तोवर त्या माणसाने त्याच्याकडचे मेसेज माझ्याही फोनवरून पुसले होते. स्क्रीनशॉट मी काढलेच नव्हते. ते पहिल्याच दिवशी काढा, अगदी व्यवहार छान चाललाय असं वाटत असतानाच. फोटो ठेवायचे सुचले होते, तेवढे तीन उरलेत, अंगठ्यासकट.

घेणारच असाल वापरलेला, तर उघड्या मानेचा फोटो मागा, आणि तेवढ्यावर थांबू नका, व्हिडिओ कॉलवर समोर पाना लावून हेड सुटं करून दाखवायला सांगा. मॉडेल आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थांच्या मान्य ड्रायव्हरांच्या यादीत आहे का बघा, पण यादीत नाव सापडलं म्हणून हातातला नग खरा ठरत नाही. टूरचा माल म्हटलं की तिथेच फोन ठेवा. तो खरा असला तरी तुमच्या-माझ्या कामाचा नाही. स्विंगचा व्हिडिओ मागणारा विक्रेता तुमचा स्विंग बघत नसतो. आणि माझ्या प्रोचे दहा धडे ३४,५०० मध्ये बसून वर पैसे उरले असते, हे बायकोने हिशोब करून दाखवलंय, एकदा नव्हे.

साहेब शेवटच्या खेपेला थोडे नरमले. म्हणाले, दोघांच्या तक्रारीवर काही होत नाही, आणखी तिघं-चौघं आले तर वरती पाठवता येईल. म्हणून विचारतो. तुमच्या किंवा ओळखीतल्या कुणाच्या ड्रायव्हरच्या मानेवरच्या नंबरात शेवटी ४४७९ असेल, आणि त्यातल्या नऊचं पोट अर्धवट असेल, तर लाजू नका, कळवा. माझ्याकडचा क्लब दाराआड उभा आहे, चुंबक अजून त्याच्या फेसला लावलेलंच आहे.