तुरीवरची ड्रोन फवारणी : दोन हंगामांचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या कोरडवाहू शेतात दरवर्षी तीन एकर तूर आणि चार एकर कपाशी असते. 2024 च्या हंगामात मी प्रथमच तुरीवरील फवारणी भाड्याच्या ड्रोनने करून घेतली. ती शेजारच्या तालुक्यातील एका खासगी व्यावसायिकाकडून होती. 2025 मध्ये आमच्याच परिसरातील एका महिला बचत गटाने ही सेवा सुरू केल्यावर त्यांना बोलावले आणि तुरीसोबत एक एकर कपाशीवरही फवारणी करून पाहिली. पुढील हंगामात ही सेवा घ्यावी की नाही, असे गावातील अनेक जण विचारत आहेत, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

ड्रोनच्या जाहिरातींमध्ये वेळ आणि मजुरी वाचण्यावर भर असतो. माझे कारण वेगळे होते. 2017 च्या खरिपात आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांवर उपचार करावे लागले. त्या वर्षी पऱ्हाटी (कपाशीची झाडे) माणसाच्या उंचीच्या वर गेली होती, हवा दमट होती आणि जोरदार दाबाच्या पंपांमधून उडणारे बारीक तुषार फवारणाऱ्याच्याच तोंडावर आणि छातीवर परत येत होते. आमच्या घरी वर्षानुवर्षे काम करणारे एक काका तेव्हा संध्याकाळी धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) बसले ते उठेनात; डोळ्यांपुढे अंधारी येते, एवढेच ते सांगू शकले. ते वाचले, पण त्यानंतर आमच्या घरात फवारणीचा विषय निघाला की सगळ्यांना तीच संध्याकाळ आठवते. ऐन फुलोऱ्यातील तूर डोक्याच्या वर जाते, फांद्या एकमेकींत गुंततात आणि पिकाच्या दोन ओळींमधून पंप पाठीवर घेऊन चालणारा माणूस अक्षरशः औषधाच्या ढगातून चालतो. त्याला त्या ढगातून बाहेर काढणे, हीच माझ्या दृष्टीने या यंत्राची पहिली कसोटी आहे.

बचत गटाला हा ड्रोन केंद्र सरकारच्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेतून मिळाला आहे. 2023 च्या अखेरीस मंजूर झालेल्या या योजनेत देशभरातील 15,000 महिला बचत गटांना ड्रोन देण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे आणि किमतीच्या 80 टक्के, कमाल 8 लाख रुपये, इतके अनुदान आहे. गटातील एका ताईंनी पंधरा दिवसांचे प्रशिक्षण घेऊन ड्रोन चालवण्याचा परवाना मिळवला आहे आणि मदतीला आणखी एक ताई असतात. मला एकरी 500 रुपये दर सांगितला गेला. औषध आणि पाणी शेतकऱ्याचे. फोनवर नोंदणी केल्यावर पाचव्या दिवशी त्या आल्या. पाच दिवसांची वाट पाहणे ही या सेवेची खरी अडचण आहे, कारण तुरीवरील शेंगा पोखरणारी अळी लहान असतानाच मरते. एकदा ती शेंगेत शिरली की वरून कितीही फवारा, तिला फरक पडत नाही. परिसरातील सगळ्यांना ड्रोन त्याच पंधरवड्यात हवा असतो आणि गटाकडे यंत्र एकच आहे. यात गटाचा दोष नाही, पण शेतकऱ्याने हे आधीच हिशेबात धरावे.

प्रत्यक्ष काम मला मनापासून आवडले. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दुपारी साडेतीनला त्या आल्या, तेव्हा वारा बऱ्यापैकी होता. मी घाई करत होतो, कारण आभाळ भरून आले होते. ताई म्हणाल्या, “भाऊ, वारा पडू द्या. आता उडवला तर तुमचं औषध दुसऱ्याच्या शेतात जाईल.” त्या तासभर थांबल्या. तेवढ्या वेळात त्यांनी रिमोट हातात घेऊन शेताच्या चारही कोपऱ्यांवरून चालत हद्द नोंदवली, धुऱ्यावरची दोन पळसाची झाडे आणि वरून गेलेली विजेची तार यांपासून किती अंतर सोडायचे ते ठरवले. त्यानंतर ड्रोन पिकाच्या शेंड्यापासून साधारण दोन मीटर उंचीवरून आखलेल्या ओळींत स्वतःच फिरत राहिला. एका एकराला 10 लिटरची एक टाकी आणि सुमारे आठ मिनिटे लागली. प्रत्येक एकरानंतर बॅटरी बदलावी लागली, तरी पाऊण तासात तिन्ही एकर उरकले. पाठीवरच्या पंपाने हेच काम दोन माणसांचे दोन दिवसांचे आहे आणि एकरी 200 लिटर धरले तर 600 लिटर पाणी बैलगाडीतून ड्रम भरून न्यावे लागते. या खेपेला दोन कॅन पाण्यात काम झाले. कोरडवाहू शेतकऱ्याला याचे मोल वेगळे सांगायला नको.

मात्र पाणी कमी झाले म्हणून औषध कमी होत नाही, हे नीट समजून घ्यायला हवे. एकरी मात्रा तीच राहते. आम्ही वापरलेल्या इमामेक्टिन बेन्झोएट 5 टक्के या दाणेदार औषधाची तुरीवरील मात्रा 10 लिटर पाण्याला 4.4 ग्रॅम, म्हणजे 200 लिटरला 88 ग्रॅम आहे. ड्रोनमध्ये तेच 88 ग्रॅम 10 लिटरमध्ये जातात. म्हणजे टाकीतले द्रावण नेहमीच्या वीसपट तीव्र असते. शेतात शिरणारा माणूस वाचला, पण सगळा धोका आता धुऱ्यावर औषध कालवणाऱ्याच्या हातांवर येऊन थांबतो. आमच्याकडे हे काम त्या मदतनीस ताई करत होत्या आणि त्यांच्या हातात साधे पातळ मोजे होते, तोंडाला ओढणी बांधलेली होती. मी घरून रबरी हातमोजे आणि चष्मा आणून दिला. ज्या कारणासाठी मी ही सेवा घेतो, त्याच कारणासाठी मला ही उणीव सर्वांत गंभीर वाटते. लाखो रुपयांच्या यंत्रासोबत चांगले हातमोजे, चष्मा, मुखवटा आणि रबरी एप्रन यांचा संच असलाच पाहिजे, आणि तो नसेल तर शेतकऱ्याने टाकी भरू देऊ नये.

औषध झाडावर कुठवर पोहोचते, हे पाहण्यासाठी मी तुरीच्या सहा झाडांना शेंड्यावर, मध्यावर आणि खाली असे पिवळे पाणी-संवेदी कागद बांधले होते. या कागदावर थेंब पडला की तिथे निळा ठिपका उमटतो. शेंड्यावरील कागद दाट ठिपक्यांनी भरले, मधल्या कागदांवर ठिपके विरळ पण सारखे होते आणि खालचे जवळजवळ कोरडे राहिले. तुरीसाठी ही मांडणी योग्यच आहे, कारण फुले, कळ्या आणि कोवळ्या शेंगा वरच्या भागात असतात आणि अळीही तिथेच असते. फवारणीआधी दहा झाडांवर मला 21 अळ्या मिळाल्या होत्या. तिसऱ्या दिवशी त्याच झाडांवर 4 दिसल्या, त्याही मोठ्या. धुऱ्यालगतचे कोपरे आणि पळसाखालची जागा मात्र सुटली होती. तेवढी आम्ही हाताने पूर्ण केली.

कपाशीच्या एका एकरात निकाल समाधानकारक नव्हता. तिथे तुडतुडे आणि पांढरी माशी होती, आणि हे दोन्ही पानाच्या खालच्या बाजूला बसून रस शोषतात. ड्रोनच्या पंख्यांची हवा पाने हलवते, त्यामुळे काही थेंब खालच्या बाजूला जातात हे खरे, पण दाट पऱ्हाटीत मधल्या आणि खालच्या पानांच्या मागील बाजूला ठेवलेल्या कागदांवर मला मोजकेच ठिपके आढळले. चौथ्या दिवशी तुडतुडे पुन्हा दिसू लागले. म्हणून कपाशीतील रसशोषक किडींसाठी मी ड्रोनची शिफारस करणार नाही. गुलाबी बोंडअळी तर बोंडाच्या आत असते. तिच्यासाठी कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढून पकडणारे), डोमकळ्या म्हणजे आत अळी असलेली न उमललेली फुले वेचून नष्ट करणे आणि हंगाम वेळेवर संपवून पऱ्हाट्या शेतात न ठेवणे, हेच उपाय आधी करावे लागतात.

पहिल्या वर्षीच्या व्यावसायिकाबद्दलही सांगायला हवे. ते चार-पाच गावांचे काम एका दिवसात उरकण्याच्या घाईत होते. भर दुपारी, वारा असताना, बाभळी चुकवण्यासाठी त्यांनी ड्रोन बराच वर घेतला आणि पूर्वेकडील शेतात काय आहे हे एका शब्दाने विचारले नाही. तिथे आमच्या शेजाऱ्यांची तुती आहे आणि ते रेशीम कीटक पाळतात. रेशमाच्या अळीला तुतीच्या पानावरील कीटकनाशकाचा थोडासा अंशही चालत नाही. तुषार तिकडे गेल्याचे लक्षात आल्यावर शेजाऱ्यांनी त्या बाजूच्या तुतीची पाने पंधरा दिवस अळ्यांना घातली नाहीत आणि पाला विकत आणला. त्याचे पैसे आम्ही दिले, पण त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी मला आजही आठवते. यंदा मी त्यांना दोन दिवस आधी सांगितले आणि तुतीकडील तुरीच्या सहा ओळी ड्रोनच्या हद्दीतून वगळून तिथे हाताने निंबोळी अर्क फवारला. ऐन फुलोऱ्यात तुरीवर मधमाश्याही मोठ्या संख्येने येतात, त्यामुळे फवारणी शक्यतो सूर्य कलल्यावरच घ्यावी. बचत गटाच्या ताईंनी वाऱ्यासाठी केलेला उशीर या दृष्टीनेही योग्य ठरला.

निंबोळी अर्काचा उल्लेख आला म्हणून एक मुद्दा थोडा विस्ताराने मांडतो, कारण त्याकडे कोणी लक्ष देताना दिसत नाही. आमच्याकडे तुरीला कळ्या लागताना पहिली फवारणी घरच्या 5 टक्के निंबोळी अर्काची असते. उन्हाळ्यात निंबोळ्या वेचायच्या, वाळवायच्या, भरडायच्या, आणि 5 किलो भरड रात्रभर भिजवून, गाळून 100 लिटर पाण्याला वापरायची. 200 लिटरला 10 किलो भरड लागते. आता हा अर्क 10 लिटरच्या टाकीत कसा बसवायचा? तेवढा घट्ट अर्क काढता येत नाही आणि काढला तर नोझलच्या बारीक तोट्या चोंदतात. दहा झाडांच्या पाल्यापासून बनवलेल्या दशपर्णी अर्काचीही तीच अडचण आहे. म्हणजे ज्या फवारणीला पैसा लागत नाही, जी मित्रकिडींना कमी त्रास देते आणि जी घरातल्या बायामाणसांच्या हातची आहे, तिला या यंत्रात जागा नाही; बाटलीतल्या तयार औषधाला आहे. ड्रोनला शाश्वत शेतीचे साधन म्हणायचे असेल, तर हा अडसर मान्य करून त्यावर काम व्हायला हवे. कंपन्यांची तयार कडुनिंबयुक्त औषधे किंवा शेंगा पोखरणाऱ्या हिरव्या अळीवरील एचएएनपीव्ही हे विषाणूजन्य औषध ड्रोनमधून देता येईल. एचएएनपीव्ही उन्हातील अतिनील किरणांनी निष्प्रभ होते, त्यामुळे संध्याकाळी झटपट होणारी ड्रोन फवारणी त्याला सोयीची आहे. पण त्यासाठी आधीच्या शेतातील रसायनाचा अंश टाकीत आणि नळ्यांत उरू नये. टाकी कुठे आणि कशी धुतली जाते, हे मी ताईंना विचारले तेव्हा त्यांनी प्रत्येक शेतानंतर दोनदा स्वच्छ पाण्याने धुतो असे सांगितले आणि माझ्यासमोर तसे करूनही दाखवले. ते धुण्याचे पाणी त्यांनी विहिरीपासून दूर, पडीक जागेत सोडले, याबद्दल त्यांचे कौतुक केले पाहिजे.

फवारणी इतकी सोपी झाली की ती गरज नसतानाही होऊ लागते, हा धोका मला गावात आताच दिसतो. एकाच्या शेतात ड्रोन आला की धुऱ्यापलीकडचे तिघे त्याच दिवशी करून घेतात, शेतात अळी आहे की नाही हे न पाहता. तुरीतील हिरव्या अळीसाठी कामगंध सापळ्यात सलग दोन-तीन दिवस 8 ते 10 पतंग आढळले की उपाय करावा, अशी शिफारस आहे. मी दोन सापळे लावतो आणि रोज सकाळी पतंगांची नोंद वहीत करतो. यंदा त्या नोंदीमुळे माझी एक रासायनिक फवारणी वाचली. सेवा देणाऱ्यांनी नोंदणी घेतानाच सापळ्यातील आकडा विचारावा, अशी माझी बचत गटाला विनंती आहे. एखादे काम त्यामुळे सुटेल, पण ज्यांना खरोखर घाई आहे त्यांच्याकडे त्या दोन दिवस लवकर पोहोचू शकतील. गटाच्या ताईंनी सोबत बुरशीनाशक आणि टॉनिक एकाच टाकीत घालण्याचा आग्रह केला नाही, हेही नोंदवतो. पहिल्या व्यावसायिकाने तो केला होता.

खर्च पाहिला तर तीन एकरांचे 1,500 रुपये झाले. हाताने केले असते तर मजुरी आणि पाण्याची गाडी धरून 2,500 च्या जवळ गेले असते. तीन एकरांहून लहान क्षेत्र असलेल्यांनी शेजाऱ्यांसोबत मिळून नोंदणी करावी, कारण एका एकरासाठी गाडी आणणे गटाला परवडत नाही.

पुढील हंगामातही तुरीची एक फवारणी मी याच गटाकडून घेणार आहे आणि तुरीला फुलकळी दिसू लागली की लगेच नोंदणी करणार आहे. कपाशी आणि तुतीकडील सहा ओळी हातानेच होतील, कळीच्या वेळचा निंबोळी अर्कही. गेल्या आठवड्यात ताईंचा फोन आला होता. गटाने बैठकीत ठराव करून रबरी हातमोजे, चष्मे आणि एप्रन यांचे दोन संच घेतले आहेत.