एलएसचा ‘मायनस सी’: आज्ञा चोख, मॅन पेज अपुरं

आमच्या वाचनालयात जुन्या दिवाळी अंकांचं स्कॅनिंग मी करते. हजारभर पानं झाल्यावर लक्षात आलं, मध्येच केव्हातरी स्कॅनरच्या काचेवर डाग पडलाय आणि तिथून पुढे प्रत्येक पानावर डाव्या कोपऱ्यात तोच करडा ठिपका. कुठल्या दिवसापासून हे कळलं, तर तेवढीच पानं पुन्हा करायची.

लिनक्सवर फाइलींची यादी द्यायला एलएस ही आज्ञा आहेच. तिचं मॅन पेज, म्हणजे संगणकातच मिळणारं मदतीचं पान, उघडलं. ‘मायनस सी’ या पर्यायापुढे ‘सीटाइम’ दिसलं आणि सी म्हणजे क्रिएशन असं मी धरून चालले. एलएस मायनस एलसी (एल म्हणजे तारखांसकट सविस्तर यादी) चालवलं, तर सगळ्या फाइलींवर एकच तारीख, आदल्या संध्याकाळची! पोटात गोळा आला. तीन महिन्यांच्या नोंदी पुसल्या गेल्या असंच वाटलं.

पुसलं काहीच गेलं नव्हतं. सीटाइम म्हणजे फाइलची ‘स्टेटस’, म्हणजे परवानगीसारखी फाइलबद्दलची माहिती, शेवटची बदलली ती वेळ. आदल्या संध्याकाळी मी सीएचमॉड ही परवानग्या बदलणारी आज्ञा चालवून सगळ्या फाइली फक्त वाचण्यापुरत्या केल्या होत्या, त्याचीच ती नोंद. साध्या मायनस एलने एमटाइम दिसतो, म्हणजे आतला मजकूर शेवटचा बदलला ती तारीख, आणि ती जशीच्या तशी होती.

मॅन पेजमध्ये चूक एकही नाही. कंसात ‘फाइलच्या स्टेटस-माहितीतल्या शेवटच्या बदलाची वेळ’ असं दिलंय. पण स्टेटस म्हणजे काय, हे ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच ते कळतं. त्यात हा एक पर्याय तीन तऱ्हांनी वागतो. मायनस एलसोबत दिला तर तारीख सीटाइमची, पण यादी नावांच्या क्रमाने. एल आणि टी (टी म्हणजे वेळेनुसार क्रम) दोन्ही दिले तर क्रमही सीटाइमचा. नुसता दिला तर क्रम सीटाइमचा, पण तारीख दिसतच नाही. हे सगळं अर्धविरामांनी जोडलेल्या एका वाक्यात कोंबलंय. मी ते चार वेळा वाचलं.

सगळ्यात वाईट याचं वाटलं की नेमकं माझंच उदाहरण लिहिलेलं आहे, पण दुसरीकडे. कोअरयूटिल्स, म्हणजे एलएससारख्या मूळ आज्ञांचा संच, त्याच्या सविस्तर ‘इन्फो’ पुस्तिकेत फाइलींच्या वेळांवर वेगळा भाग आहे. परवानगी बदलली की एटाइम (फाइल शेवटची वाचली ती वेळ) आणि एमटाइम हलत नाहीत, सीटाइम हलतो, असं तिथे सरळ भाषेत समजावलंय. मॅन पेजच्या तळाशी त्या पुस्तिकेचा पत्ता आहे, पण घाबरलेला माणूस तळापर्यंत जात नाही. ते एक वाक्य मॅन पेजवरच हवं.

खरी जन्मतारीख हवी असेल तर ८.३२ आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, एलएसच्या ‘टाइम’ या पर्यायाला ‘बर्थ’ देता येतं. मला त्याचा उपयोग नव्हता. स्कॅनिंगच्या संगणकावरून मी फाइली आरसिंक या कॉपी करणाऱ्या आज्ञेने, मायनस ए देऊन, आणते. त्यात एमटाइम टिकतो, बर्थ मात्र इथे कॉपी झाली त्या दिवसाचा येतो.

आज्ञेला पाचपैकी पाच, मॅन पेजला दोन. शेवटी मायनस एलटीआर (आर म्हणजे उलटा क्रम, जुनी फाइल आधी) आणि सोबत पूर्ण वेळ दाखवणारं फुल-टाइम देऊन यादी काढली. एका मंगळवारी दुपारच्या जेवणानंतरच्या पहिल्याच पानावर ठिपका सापडला. तिथपासूनची दोनशे बारा पानं पुन्हा करायला घेतली आहेत.