पैसे घेतलेत ना, मग रिव्ह्यू पण घ्या : ऑफिसचं ट्रेनिंग

५ पैकी २ स्टार, आणि तेही एका सर्टिफिकेटमुळे.

नोकरी सोडताना कंपनीने ट्रेनिंगचा खर्च म्हणून फुल अँड फायनलमधून, म्हणजे शेवटच्या हिशोबातून, पैसे कापले, म्हणजे मी आता त्या ट्रेनिंगची कस्टमरच झाले की, मग रिव्ह्यू नको का द्यायला? नाव नाही सांगत कंपनीचं, सांगून उगाच डोक्याला ताप.

तर सहा आठवड्यांचं ट्रेनिंग. पहिले चार आठवडे रजेचा अर्ज कुठे टाकायचा, टाइमशीट कशी भरायची आणि कंपनीचं स्वतःचं एक सॉफ्टवेअर, जे त्या इमारतीबाहेर कोणी बघितलेलं पण नाही. शिकवायला शेजारच्या टीममधलेच एक सर, बिचारे स्वतःचं काम सांभाळून यायचे, मधेच फोन आला की "तुम्ही पुढच्या स्लाइड वाचा, आलोच" म्हणून जे जायचे ते अर्धा तास गायब. स्लाइडवर तारीख पण आधीच्या बॅचची. शेवटचे दोन आठवडे मात्र बाहेरच्या संस्थेचा कोर्स आणि परीक्षा, तो खरंच भारी होता, पुढची नोकरी त्याच्याच जोरावर मिळाली, खोटं कशाला बोलू.

बाँड, म्हणजे मुदतीआधी सोडलं तर ट्रेनिंगचा खर्च भरायचा असा करार, २४ महिन्यांचा, मी सोडलं १५ महिन्यांनी. हिशोब आला तर रिकव्हरी पूर्ण रकमेची! कशाकशाचे किती धरले याचा तपशील मागितला, तीन मेल टाकले, तिसऱ्यात मॅनेजरना सीसी केलं तेव्हा कुठे आला, त्यात हॉलचं भाडं (हॉल ऑफिसचाच, तिसऱ्या मजल्यावरचा) आणि चक्क माझाच सहा आठवड्यांचा पगार. म्हणजे मी रोज वेळेवर येऊन बसले त्याचा पगार दिला, आणि तोच आता माझ्यावर केलेला खर्च. एचआर मॅडम म्हणाल्या, "अगं पण सही केलीयेस ना तू." केलीये, ऑफर लेटरच्या नवव्या पानावर, जॉइनिंगच्या गडबडीत.

वकिलांना कागद दाखवले. ते म्हणाले सही आहे म्हणून लिहिलेली सगळी रक्कम कंपनीला आपोआप मिळते असं नसतं, भारतातल्या १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम ७४ प्रमाणे ती रक्कम म्हणजे वरची मर्यादा, मिळते ती वाजवी भरपाई. मी लगेच खूश, तर ते म्हणे थांबा, बाँड म्हणजे नुसता कागद असं पण समजू नका. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, २ लाखांचा बाँड योग्य ठरवला, कारण माणूस मधेच गेला की बँकेला परत सगळी भरती खर्च करून करावी लागते. युरोपियन युनियनचा २०१९ चा नियम वेगळाच आहे, जे ट्रेनिंग देणं कायद्याने मालकावर बंधनकारक आहे ते कामगाराला फुकटच द्यायचं आणि तो वेळ कामाचाच धरायचा. ऐकून जरा जळफळाट झाला.

मग मी साधा मेल लिहिला, बाहेरच्या कोर्सची पावती दाखवा, तेवढेच धरा, आणि २४ पैकी ९ महिने राहिलेत तर त्याचे ३७.५ टक्के घ्या. पगार आणि हॉल काढला त्यांनी, ९ महिन्यांचा हिशोब पण मान्य केला, सरांच्या वेळेचे पैसे मात्र ठेवलेच. फोन आला तेव्हा सर स्लाइड वाचायला लावून गेले ते अर्धे तास धरले का विचारलं, त्याला उत्तर नाही आलं. या सगळ्यात दोन महिने गेले, तोवर रिलिव्हिंग लेटर (जुन्या कंपनीने मोकळं केल्याचं पत्र) अडकलेलं आणि नव्या ऑफिसमध्ये रोज "आलं का लेटर?"

अजून एक, कोर्सचं लॉगिन कंपनीच्या ईमेलवर असतं. शेवटच्या दिवसाच्या आधी ते पर्सनल ईमेलवर करून घ्या. माझं राहिलं, मेल बंद झाला आणि ज्याचे पैसे भरले ते सर्टिफिकेट डाउनलोड करायला मला परत त्याच एचआर मॅडमना फोन करावा लागला.