ई-रुपया की युपीआय, कायद्याने पक्का पैसा कोणता?

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन घातलं की आडत्या म्हणतो पैसे खात्यावर टाकतो, आपण हो म्हणतो, पण खात्यातली रक्कम म्हणजे बँकेचं आपल्याला देणं, लीगल टेंडर (देणं फेडायला कायद्याने मान्य असलेलं चलन) नाही, अन बँक बुडाली तर विमा फक्त ५ लाखांपर्यंत. युपीआय तेच देणं इकडून तिकडं हलवतं. ई-रुपयाचं, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल रुपयाचं, तसं नाही. २०२२ च्या फायनान्स अ‍ॅक्टने १९३४ च्या आरबीआय कायद्यात बँक नोटेच्या व्याख्येतच डिजिटल नोट घातली, म्हणून कलम २६ प्रमाणे तो कागदी नोटेसारखाच लीगल टेंडर, देणं थेट रिझर्व्ह बँकेचं, आणि हा फरक लई मोठा आहे. व्याज मात्र शून्य. सवय युपीआयची आहे, मान्य, पण त्याच क्यूआरवर ई-रुपयाही चालतो, त्यामुळं माझं मत ई-रुपयालाच.