ट्रॉलीवर फळी, की ट्रॉलीला घर?

भाच्याने बडोद्यात मांजलपूरला टेनामेंट, म्हणजे छोटं स्वतंत्र घर, घेतलं आणि गृहप्रवेशाच्या आधीच पार्किंगमध्ये दोन टूल ट्रॉल्या येऊन उभ्या राहिल्या. सात-सात खणांच्या, लालभडक. मग मला फोन. "मामा, यांच्यावर सरळ प्लायची फळी टाकून बेंच करू, की लोखंडी सांगाडा करून त्या खाली सरकवू?" मी विचारलं, ठोकाठोक किती करणार आहेस? म्हणाला, "ते अजून ठरलं नाही." सगळं घोडं तिथेच अडलेलं असतं.

मी दोन्ही वापरलंय. २०१६ पासून आठ वर्षं माझी फळी ट्रॉल्यांवरच स्क्रूने बसवलेली होती, आणि २०२४च्या पावसानंतर सांगाडा केला. त्यामुळे पुढचं वाचताना माझं पारडं एका बाजूला झुकलेलं वाटलं, तर ते खरंच झुकलेलं आहे.

फळी सरळ ट्रॉल्यांवर

याचं मोठं सुख म्हणजे काम एका रविवारात आटपतं. वेल्डरच्या मागे फिरायला नको. १८ मिमी प्लायची ८ बाय ४ ची एक शीट घ्यायची आणि दुकानातच उभी चिरून आणायची. दोन्ही पट्ट्या ६ फुटांवर कापल्या की ६ बाय २ चे दोन थर मिळतात. वर २ बाय २ चे दोन तुकडे उरतात, ते कुठे ना कुठे लागतातच. दोन थर फेविकॉल लावून, खालून स्क्रू मारून एकजीव करायचे. हे चिकटवण्याचं काम टाळू नका. जाडी दुप्पट झाली की फळीचा ताठपणा आठपट होतो, पण थर एकमेकांना धरून असतील तरच. नुसते एकावर एक ठेवले तर दुप्पटच. आणि प्लाय आयएस ७१० चा, म्हणजे ज्याला दुकानदार मरीन म्हणतात तो. पार्किंग तीन बाजूंनी उघडं असेल तर पावसाचे तुषार येणारच. साधा एमआर, म्हणजे नुसती दमट हवा सोसणारा, प्लाय दोन पावसाळ्यांत कडेने फुगायला लागतो.

सात खणांची ट्रॉली साधारण २७ इंच रुंद, १८ इंच खोल. दोन टोकांना दोन ठेवल्या की सहा फुटांत मध्ये १८ इंच मोकळे राहतात. स्टूल ओढून बसलं की गुडघे तिथे नीट जातात. ट्रॉली चाकांसकट ३४ इंच असेल, तर फळी धरून बेंच साडेपस्तीसला येतं. ही उंची लक्षात ठेवा, तिचं पुढे काम आहे. दोन्ही ट्रॉल्या मात्र एकाच मॉडेलच्या हव्यात. वरच्या पत्र्याला उभी कड असेल, तर आत लाकडी पट्ट्या टाकून ती बरोबरीला आणावी लागते, नाहीतर फळीचं सगळं वजन त्या कडेवर.

आणखी एक फायदा आधी माझ्या ध्यानातच आला नव्हता. एकट्या ट्रॉलीचे वरचे तीन खण एकदम उघडले तर ती पुढे झुकते; भरलेली असेल तर पायावरच येते. दोन ट्रॉल्या फळीने बांधल्या की ती भीती जवळजवळ संपते.

आता दुखणं. ट्रॉलीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर, कधी त्याहूनही पातळ. वरून सरळ खाली येणारं वजन तो बिनतक्रार घेतो. आडवा जोर त्याला सोसत नाही. कानस ढकला, हॅक्सॉ ओढा, लाकडावर रंधा मारा, प्रत्येक वेळी आधी बेंच हलतं, मग काम होतं. चाकांना ब्रेक लावले तरी फिरत्या चाकाच्या मानेत ढिलाई असतेच. मी डाव्या कोपऱ्यात शेगडा (काम धरायचा व्हाइस) बसवला होता, चार इंची जबड्याचा. पत्र्याखाली जाड पट्टी देऊन बोल्ट कसले होते, तेवढी अक्कल होती. तरी तिसऱ्या वर्षी त्याच्या खालचा खण कटकट करायला लागला. हातोड्याचा घाव पत्र्यातून चॅनेलच्या, म्हणजे खण ज्यावर सरकतो त्या पट्टीच्या, छऱ्यांपर्यंत जातो आणि छरे आपल्याच वाटेत खड्डे पाडतात. मग तो खण तुमच्या मनाने नाही, त्याच्या मनाने उघडतो.

आणि चाकं? फळी पक्की केली की ती शोभेची.

सांगाडा, आणि खाली ट्रॉल्या

४० बाय ४०, दोन मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप पुरतो. २० फुटांची लांबी येते, वजन साधारण १४ किलो. सहा फुटी बेंचला तीन पाइप घ्या. ओढूनताणून दोनांत बसतं, पण मग पुढच्या मधल्या पायाला काही उरत नाही, आणि तो पाय मला हवाच वाटतो. खाली मागे आणि दोन्ही बाजूंना आडवे पाइप घ्यायचे, पुढे मात्र नाही, कारण तिथूनच ट्रॉली आत जाणार. फॅब्रिकेटर किलोवर भाव सांगतो. रंग आणि मजुरी त्यात धरली आहे का, ते आधीच विचारून घ्यावं. आणि जोड पक्के करण्याआधी तिथे उभं राहून दोन्ही कर्ण टेपने मोजावेत. गुण्या लावला म्हणून निर्धास्त राहू नका, वेल्डिंगचा ताप सांगाड्याला ओढतो. माझ्या पहिल्या सांगाड्याचे कर्ण पाऊण इंचाने चुकलेले होते, आणि कारागीर म्हणे, "काका, फळी टाकल्यावर दिसणार नाही." दिसत नाही हे खरं. पण ट्रॉली आत तिरकी जाते.

या प्रकाराची खरी किंमत पैशांत नाही, उंचीत आहे, आणि हे फार कमी जण आधी मोजतात. ३४ इंची ट्रॉली, वर एक इंच मोकळी जागा, मग पाइप, मग फळी. बेरीज ३८ इंच. आमचे काका कलाभवनात, बडोद्याच्या जुन्या तंत्रशाळेत, शिकलेले. शेगड्याच्या जबड्याची वरची कड कोपराला लागली पाहिजे, हा त्यांचा नियम. साडेपाच फुटांच्या माणसाचा कोपर जमिनीपासून ४१-४२ इंचांवर येतो. शेगडा स्वतः सहा इंच उंच धरला तर बेंच साडेपस्तीसला हवं. म्हणजे पहिल्या प्रकारात उंची आपसूक जुळते, आणि शेगडा बसवण्यालायक मजबुती असते ती दुसऱ्यात! ३८ इंचांवर शेगडा ४४ ला जातो, आणि अर्ध्या तासात खांदे भरून येतात. वायरिंग, सोल्डरिंग, कार्ब्युरेटर उघडणं अशा कामांना मात्र ३८ छान, मान वाकवावी लागत नाही.

यातून वाटा आहेत. ट्रॉलीची पाच इंची चाकं काढून तीन इंची लावली तर दोन इंच वाचतात, पण लहान चाक फरशीच्या प्रत्येक सांध्यात अडतं. कमी खणांची बुटकी ट्रॉली घेता येते. मी काय केलं? शेगड्यापुढे अडीच इंचांचा लाकडी पाट ठेवला. त्यावर उभा राहून कानस चालवतो. सौ. म्हणतात, मुंज लागल्यासारखे दिसता.

फरशी, गाडी आणि विश्वामित्री

आपल्याकडे पार्किंगला फाटकाकडे उतार असतोच, पाणी जावं म्हणून. माझ्याकडे सहा फुटांत पाऊण इंच. ब्रेक न लावलेली माझी ट्रॉली एकदा त्या उतारावरून शेजाऱ्यांच्या स्कूटरला जाऊन भेटली आहे. सांगाड्याच्या पायांत नट वेल्ड करून खाली बोल्ट लावले की पाणसळ ठेवून बेंच तंतोतंत समतल करता येतं. पहिल्या प्रकारात चाकांखाली पाचर ठोकत बसावं लागतं, आणि ती पाचर बरोबर कामाच्या वेळी सरकते.

गाडी आत लागते का, हाही प्रश्न आहे. १० फूट रुंदीच्या पार्किंगमध्ये दोन फूट बेंच आणि साडेपाच फूट गाडी गेली की उरतात ३० इंच. खण पूर्ण उघडायला १८ इंच लागतात, मग माणसाने उभं कुठे राहायचं? खाली मोकळी ट्रॉली असेल तर ती ओढून गाडीपाशी नेता येते. सर्व्हिस स्टेशनवाले उगाच नाही हत्यार गाडीकडे नेत.

आणि पाणी. २०२४च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, तेव्हा आमच्या पार्किंगमध्ये दीड फूट पाणी होतं. नदीतली मगर आली नाही एवढंच. पाच इंची चाकांवर ट्रॉलीचा तळ जमिनीपासून साडेसहा-सात इंच वर असतो, म्हणजे खालचे दोन खण गेले. खणाच्या दोन्ही बाजूंची चॅनेलची जीभ दाबली की अख्खा खण बाहेर येतो, हे मला ठाऊक होतं. पण पुढे गाडी, मागे भिंत, आणि ट्रॉल्या फळीला जखडलेल्या. अंधारात खण अर्धाच निघत होता. आज तीच वेळ आली तर ट्रॉली ओढून जिन्यापाशी नेईन, तिथे खण काढीन, आणि रिकामं खोकं दोघांनी धरून ओटल्यावर चढवू.

इथे एक पेच आहे. ट्रॉली उलटू नये म्हणून जड वस्तू खालच्या खणात ठेवायच्या असतात, आणि पाणी पहिल्यांदा येतं तेही तिथेच. माझा तोडगा असा, की खाली जड पण अडाणी सामान: मोठे पाने, घण, साखळ्या, जॅक. गंजले तर घासून तेल लावलं की झालं. ड्रिल मशीन, बॅटऱ्या, व्हर्नियर, मायक्रोमीटर कंबरेच्या वर. पाणी उतरल्यावर चॅनेलमध्ये गाळ सुकू देऊ नका. आधी स्वच्छ पाण्याने धुवा, मग घासलेटने, मग तेल. मी चार दिवस उशीर केला आणि दोन जोड्या बदलाव्या लागल्या.

सांगाड्याच्या पायांनाही पाणी लागतं. पाइपची खालची तोंडं बंद करून रेड ऑक्साइड मारलेलं असावं, नाहीतर तो आतून सडतो.

उरलेले पर्याय

एकसंध, ५२ इंची, वर लाकडी फळी असलेली चाकांची तयार बेंच मिळतात. दिसतात देखणी. भरल्यावर दोघांनाही हलत नाहीत आणि चॅनेल बिघडलं तर त्याच मापाचं शोधत फिरावं लागतं. अख्खं लाकडी बेंच सुतारकामाला आजही उत्तम, पण जमिनीला टेकलेल्या लाकडाला आपल्याकडे उधई (वाळवी) सोडत नाही.

घर भाड्याचं असेल, काम इलेक्ट्रॉनिक्सचं किंवा सायकलचं असेल, तर मी पहिलाच प्रकार सांगेन. फक्त फळी स्क्रूने जखडू नका. खालून लाकडी ठोकळे लावून ती ट्रॉल्यांच्या कडांत अडकेल अशी करा, उचलली की सुटली पाहिजे. ट्रॉल्या बांधल्याचा फायदा मग उरत नाही, तेव्हा एका वेळी एकच खण उघडा. शेगडा लावणार असाल, लोखंड कापणार असाल, तर सांगाडाच. ग्राइंडर दोन्हींत खणांपासून लांब, वेगळ्या स्टँडवर. त्याची धूळ तेलकट चॅनेलमध्ये गेली की ती त्याला रेतीच्या कागदासारखी झिजवते.

भाच्याने शेवटी सांगाडा केला. सात फुटी, मध्ये गुडघ्यांना जागा, दोन्ही बाजूंना ट्रॉल्यांचे कप्पे. ट्रॉली २७ इंच, म्हणून कप्पा साडेसत्तावीसचा करवून आणला. ट्रॉलीच्या बाजूला ढकलायचं हँडल असतं, ते धरून माप होतं ३०. दोन्ही हँडलं सध्या पहिल्या खणात आहेत.