आठ महिने वर्गात माइनक्राफ्ट: ११२ ब्लॉक उरले त्याची गोष्ट

मी सातवीला गणित शिकवते. गेले आठ महिने दर आठवड्याला एक तास मुलांना माइनक्राफ्ट एज्युकेशनवर बसवतेय. माइनक्राफ्ट म्हणजे ठोकळे (ब्लॉक) रचून हवं ते बांधायचा संगणकावरचा खेळ; ही त्याची २०१६ साली आलेली, शाळांसाठीची आवृत्ती. खेळ तोच, फक्त शिक्षकाच्या हातात लगाम जरा जास्त. स्वतः मी गेम खेळणारी नाही, हे आधीच सांगते. पहिल्या तासाला मुलांनीच मला चालायला शिकवलं, तरी दोनदा पाण्यात पडले.

पहिले तीन आठवडे पाण्यातच गेले म्हणा ना. कुणाचा पासवर्ड हरवला, कुणी दुसऱ्याचं घर फोडलं, कुणी कोंबड्यांच्या मागे धावत बसलं. चूक माझीच होती. ‘काहीतरी बांधा’ असं सांगून मोकळी झाले होते आणि क्रिएटिव्ह मोड दिला होता. त्यात ब्लॉक कधी संपतच नाहीत. जे संपत नाही ते मोजायचं कशाला?

मग सर्व्हायव्हल मोड लावला, ज्यात हाताशी असतील तेवढेच ब्लॉक वापरता येतात, आणि नियम केला: कागदावर हिशेब दाखवा, मागाल तेवढेच ब्लॉक मिळतील. खरा खेळ त्या दिवशी सुरू झाला.

काम दिलं होतं बाहेरून १० × १० × १० मापाची पोकळ खोली बांधायचं, जमीन आणि छतासकट, भिंत एका ब्लॉकची. चौघांच्या एका गटाने झटक्यात उत्तर आणलं: सहा बाजू, प्रत्येकी १००, म्हणजे ६००. मी काही न बोलता ६०० पांढरे ब्लॉक दिले, ६४चे नऊ स्टॅक (खेळात एका खान्यात मावणारा गठ्ठा) आणि वर २४. खोली पूर्ण झाली आणि ११२ ब्लॉक उरले.

“मॅडम, तुम्ही जास्त दिलेत.”

मोजून दिलेत म्हटल्यावर ते खोलीभोवती फिरून कुठे भगदाड राहिलंय का ते शोधायला लागले. छतावर चढून पाहिलं. नव्हतं. त्याच गटात एक मुलगी होती. थ्रीडी चित्र हललं की तिचं डोकं गरगरायचं, म्हणून मी तिला स्क्रीनऐवजी चौकटीच्या कागदावर हिशेब ठेवायचं काम दिलं होतं. तीच दहा मिनिटांनी म्हणाली, “कोपऱ्यातला ब्लॉक आपण तीन भिंतींत मोजलाय.” मग सगळे कागदाभोवती गोळा. १२ कडा, प्रत्येक कडेवर कोपरे सोडून ८ ब्लॉक, ते दोनदा मोजलेले, म्हणजे ९६ जास्त. ८ कोपरे तीनदा मोजलेले, म्हणजे आणखी १६. एकूण ११२. मग मी फळ्यावर एवढंच लिहिलं: १००० − ५१२ = ४८८. आतली पोकळी ८ × ८ × ८, हे सांगावं लागलं नाही. पृष्ठफळ आणि घनफळ यांतला फरक मी इतकी वर्षं रंगीत खडूने शिकवत होते, पण तो असा कधी बोलला नव्हता.

पुढच्या आठवड्यात त्याच गटाने १२ची खोली मागितली. “७२८ द्या. एकही जास्त नको.” शिवाय एकाच्या लक्षात आलं की खेळातल्या सामान ठेवायच्या साध्या पेटीत २७ खाने, प्रत्येकात ६४, म्हणजे १७२८ ब्लॉक मावतात आणि तो बरोबर १२चा घन आहे. हे मलाही माहीत नव्हतं.

ऋण संख्यांनाही चांगला उपयोग झाला. निर्देशक, म्हणजे खेळात आपण कुठे उभे आहोत ते सांगणारे आकडे, दाखवायची सोय चालू केली आणि खजिना पुरून ठेवला. x = −१२ पासून १५ पर्यंत कुंपण घाला म्हटलं तर निम्म्या वर्गाने २७ खांब मागितले आणि शेवटचा खांब कमी पडला. अंतर २७, खांब मात्र २८.

अपूर्णांकांना काडीचाही फायदा नाही. ब्लॉक अर्धा करायला जाल तर खेळाशी झटापट करण्यातच तास संपतो. त्यासाठी घडी घातलेला कागदच बरा.

याच काळात एक दुसरा गणिती गेमही करून पाहिला. नाव घेत नाही. राक्षसावर वार करायचा तर आधी प्रश्न सोडवा, बरोबर आला की नाणी, नाण्यांवर नवे कपडे. पहिला आठवडा झकास. तिसऱ्या आठवड्यात मुलं न वाचताच चारही पर्याय दाबत होती, कारण प्रश्न म्हणजे नुसता टोलनाका होता. नाणी बंद केल्यावर तर कुणी तिकडे फिरकेना. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायला आवडणाऱ्या लहान मुलांवर प्रयोग केला होता. ‘काढलंस तर प्रशस्तिपत्र देऊ’ असं ज्यांना आधी सांगितलं होतं, ती मुलं नंतर मोकळ्या वेळेत इतरांपेक्षा कमी चित्रं काढू लागली. वाचलं होतं, वर्गात बघितलं तेव्हा पटलं. खोलीवाल्या गटाला मी एकही नाणं दिलं नव्हतं, उरलेले ब्लॉकच त्यांना छळत होते.

तयारीला वेळ फार जातो. एका तासासाठी मला घरी दीड तास बसावं लागतं, आणि शेवटची पंधरा मिनिटं स्क्रीन बंद करून वहीत लिहायला लावली नाही तर पुढच्या आठवड्याला मुलांच्या डोक्यात फक्त कोंबड्या उरतात. एका संगणकावर दोघं बसवा, एकाकडे माउस, एकाकडे वही, आणि मधल्या वेळी अदलाबदल. माउस सोडताना कुरकुर होतेच.

पुढच्या वर्षी चालू ठेवणार, पण घनफळ, ऋण संख्या आणि निर्देशक एवढ्यापुरतंच, महिन्यातून दोन तास. ती चौकटीच्या कागदाची वही मात्र प्रत्येक गटाला सक्तीची.