रोजच्या वचनाचं टेबल कॅलेंडर, सोलापुरात वापरून बघितलं त्याचा रिव्ह्यू

आधी वस्तू काय आहे ते सांगते. त्रिकोणी पुठ्ठ्याच्या स्टँडवर उभं राहणारं स्पायरलचं कॅलेंडर, रोजचं एक पान. तारीख आणि महिना छापलाय, पण वार नाही आणि साल पण नाही, त्यामुळे कुठल्याही वर्षी चालतं. पानावर बायबलमधलं एक वचन ठळक अक्षरात, त्याखाली दोन-तीन ओळींचा विचार, मग एका ओळीची प्रार्थना, आणि अगदी तळाला मुंगीएवढ्या अक्षरात "वाचा" म्हणून एखाद्या अध्यायाचा नंबर. किंमत २२० रुपये. नाताळच्या आधी चर्चच्या आवारात केक, स्टार, कार्डांचे स्टॉल लागतात तिथून घेतलं. कुणी छापलंय ते मुद्दाम लिहीत नाही कारण पुढं थोडी टीका आहे, आणि असली कॅलेंडरं बरेच जण काढतात, सगळी थोड्याफार फरकानं सारखीच असतात. स्टॉलवरच्या मावशींना विचारलं साल का नाही, तर म्हणाल्या, "ताई, देवाचं वचन काय यंदापुरतं असतंय का, दरवर्षी चालतंय की." घेऊन टाकलं.

घ्यायचं कारण असं की मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघते. माझ्या बॅचचे निम्मे तरी पुण्याला गेले, कुणी हिंजवडीत, कुणी खराडीत, आणि सोलापुरात राहिलेला म्हणजे राहून गेलेला असा एक न बोललेला हिशोब आपल्याकडं चालतोच, लग्नात कुणी भेटलं की पहिला प्रश्न "अजून इथंच का?" वर सकाळी डोळे उघडले की फोनवर सगळ्यांचे स्टेटस. म्हटलं फोन हातात घ्यायच्या आधी डोळ्यासमोर दुसरं काहीतरी येऊ दे. एवढीच अपेक्षा होती.

क्वालिटीबद्दल पटकन. कागद चांगला जाड, शाई पसरत नाही. फोटो मात्र सगळे परदेशातले, बर्फाचे डोंगर, निळी तळी, सूर्यफुलांची शेतं, आणि बाहेर एप्रिल-मेमध्ये बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री चालू असताना बर्फाचा डोंगर बघून प्रेरणा येत नाही ओ, चिडचिड होते. मे महिन्यात स्टँडचा गोंद सुटला, सेलोटेप लावून चालवतेय. आणि सगळ्यात मोठी गैरसोय म्हणजे पानावर लिहायला जागाच नाही. सोलापुरात कॅलेंडर घरात आलं की त्यावर पहिली खूण होते पाणी यायच्या दिवसाची, ते इथं जमत नाही, म्हणून आईनं त्याला घरातून हाकललं आणि ते माझ्या ऑफिसच्या टेबलावर आलं.

हे एका अर्थी बरंच झालं. शेजारच्या टेबलावरच्या काकू दर सोमवारी न चुकता सिद्धेश्वराला जाणाऱ्या, पण पान मी उलटायला विसरले की त्याच उलटतात आणि मोठ्यांदा वाचून दाखवतात, वर "आज तुझ्या देवानं काय झापलंय बघ" हे पण ठरलेलं.

आता मुख्य मुद्दा, वचनं. जानेवारी फार छान जातो. स्तोत्र १३९ येतं, आईच्या पोटात असल्यापासून देवानं मला घडवलं असं म्हणणारं. यशया ४३ येतं, तू माझ्या नजरेत मोलाची आहेस असं. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातलं येतं, आपण देवाची हस्तकृती आहोत. हे सगळं लहानपणापासून संडे स्कूलमध्ये पाठ केलेलं, तरी सकाळी साडेनवाला जीएसटीच्या फाईली उघडायच्या आधी वाचलं की वेगळं लागतं, हे मी मान्य करते. कुणीतरी तुमचं मोल तुमच्या पगाराच्या स्लिपकडं न बघता ठरवतंय ही कल्पनाच सकाळी सकाळी अंगावर येणारी आहे.

पण फेब्रुवारी संपेस्तोवर जरा गोडगोड व्हायला लागतं. रोज तू मोलाची, तू प्रिय, तू विजयी, उंच उडणार. कॅलेंडर काढणाऱ्यांनी वचनं वेचताना फक्त गोड फोडी घेतल्यात असं वाटायला लागलं, आणि मी फक्त वरचं वचन वाचून पान उलटत होते त्यामुळे ते जास्तच जाणवत होतं.

मग एक दिवस चिमण्यांचं वचन आलं. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो की दोन चिमण्या एका दमडीला मिळतात, तरी त्यातली एकही तुमच्या पित्याच्या नकळत जमिनीवर पडत नाही. हे मला माहीत होतं. तळाला "वाचा" मध्ये मत्तय नाही, लूक १२ दिलं होतं, म्हणून उत्सुकतेनं बायबल काढलं, तर तिथं पाच चिमण्या दोन दमड्यांना. हिशोबाची सवय असलेल्या माणसाला हे लगेच दिसतं, एका दमडीला दोन म्हणजे दोन दमड्यांना चार व्हायला पाहिजेत, पाचवी फुकट आली. आपल्या नवी पेठेत चार टॉवेलवर एक फ्री मिळतो तशी. तिची बिलात एंट्रीच नाही. आणि पुढचं वाक्य असं की त्यातल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही. म्हणजे त्या पाचवीचा पण. हे मी काकूंना सांगितलं तर त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मग स्टॉकमध्ये धरायची का तिला?" मी म्हटलं धरायची.

त्या दिवसापासून मी कॅलेंडर उलट्या दिशेनं वाचायला लागले, आधी तळाची बारीक ओळ, मग तो अध्याय, मग वरचं वचन. माझ्या मते या प्रॉडक्टची खरी किंमत त्या ओळीत आहे आणि नेमकी तीच त्यांनी सगळ्यात बारीक छापलीय.

उदाहरण देते. यिर्मया २९:११ हे तुम्ही ख्रिस्ती नसलात तरी कुठं ना कुठं वाचलेलं असणार, तुमच्याविषयी माझ्या मनात योजना आहेत, त्या हिताच्या आहेत, तुम्हाला भविष्य आणि आशा देणाऱ्या, असं काहीसं. नोकरी लागली, व्हिसा आला, फ्लॅट घेतला की स्टेटसला हेच. थर्टी फर्स्टच्या रात्रीच्या उपासनेत वर्षाचं वचन काढतात त्या चिठ्ठ्यांमध्ये पण हे असतंच, आणि ज्याला निघतं तो खूष. कॅलेंडरवर पण आलं. अख्खा अध्याय वाचला तर ते एक पत्र आहे, यरुशलेमेतून बाबेलला पकडून नेलेल्या लोकांना यिर्मयानं पाठवलेलं, आणि अकराव्या वचनाच्या एक ओळ आधी स्पष्ट लिहिलंय की हे सगळं सत्तर वर्षांनी होईल. सत्तर! म्हणजे पत्र ऐकणाऱ्यातले बरेच जण तोपर्यंत जाणारच. त्याआधी पाचव्या वचनापासून काय करायचं ते सांगितलंय, घरं बांधा, राहा, बागा लावा, त्यांची फळं खा, लग्नं करा, आणि सातव्यात, ज्या शहरात तुम्ही आहात त्याचं भलं बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या भल्यात तुमचं भलं.

आता मला कुणी पकडून आणलेलं नाही, माझ्या बाबतीत उलटंच झालंय, बाकीचे गेले आणि मी राहिले. पण ते सातवं वचन मला अकराव्यापेक्षा जास्त लागू पडलं. अकरावं वाचलं की मी वाट बघत बसते, देव मला इथून कधी हलवणार, पुण्याला का बाहेर. सातवं वाचलं की डोळ्यासमोर हा विजापूर रोड येतो, कारखान्यातल्या बायका येतात, आमची गल्ली येते. इथं असणं हे वेटिंग लिस्टवर असणं नाही, हे माझ्या डोक्यात पहिल्यांदा बसलं ते त्या अध्यायामुळे, आणि त्या पानावरच्या छापील विचारात याचा एक शब्द नाही, तिथं लिहिलंय "यश तुमच्याकडे धावत येत आहे". कसलं यश आणि कुठून धावत येतंय देव जाणे.

दुसरं उदाहरण १ राजे १९. वचन कुठलं तर नुसतं "ऊठ, खा". मला हसायलाच आलं, म्हटलं हे प्रेरणेचं वचन? अध्याय वाचला. एलीया नावाचा संदेष्टा, आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला माणूस, ईजबेल राणीच्या धमकीनं घाबरून रानात पळालाय, झुडपाखाली बसून म्हणतोय आता पुरे, माझा जीव घे, मी काही माझ्या वाडवडिलांपेक्षा चांगला नाही. तुलनाच ती शेवटी! यावर देव त्याला तू किती थोर आहेस वगैरे ऐकवत नाही. तो झोपतो, देवदूत उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकरी आणि पाण्याचं भांडं उशाशी, खातो, परत झोपतो. दुसऱ्यांदा उठवून परत खायला देतात, कारण पुढची वाट तुला झेपणार नाही म्हणून. बास. प्रवचन नंतर, आधी जेवण आणि झोप. मार्च एंडिंगच्या आठवड्यात हे पान आलं असतं तर काय बहार झाली असती, आलं जूनमध्ये. तरी त्या दिवशी मी डबा टेबलावर कागदांवर वाकून न खाता खाली कँटीनला जाऊन खाल्ला, कडक भाकरी आणि शेंगाचटणीच होती, पण नीट बसून.

जे पान नाहीच त्याबद्दल पण बोलायला पाहिजे. स्तोत्र ८८ मी शोधलं, ते शेवटपर्यंत अंधारातच राहतं, कुठंही गोड शेवट नाही, ते यात नाही. ईयोबाचा सातवा अध्याय पण नाही, त्यात तो म्हणतो की माझे दिवस विणकराच्या धोट्यापेक्षा वेगानं चाललेत आणि आशेशिवाय सरतात. माझे पप्पा आयुष्यभर यंत्रमागावर होते, त्यांना हे वाचून दाखवलं तर लगेच म्हणाले, "लिहिणाऱ्यानं माग बघितलेला दिसतोय." सोलापुरात विकायच्या कॅलेंडरमध्ये हे वचन नसावं म्हणजे काय. वाईट दिवस असलेल्या माणसाला सुद्धा आपलं म्हणणं पुस्तकात सापडलं की बरं वाटतं, त्याला रोज नुसतं "आनंद करा" देऊन भागत नाही.

विचारांची भाषा हा आणखी एक प्रॉब्लेम. वचनं नेहमीच्या बायबलमधली, जुन्या वळणाची पण भरीव. विचार मात्र सरळ इंग्रजीतून उचलून घाईत मराठी केलेले वाटतात. आपल्याकडं काय कमी आहे का? उपासना संगीत या आमच्या चर्चमधल्या गीतांच्या पुस्तकात नारायण वामन टिळकांची गाणी आहेत, ती आमच्याकडं अजून पाठ म्हणतात. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, त्या १९२२ मध्ये गेल्या आणि ते १९२४ मध्ये बाहेर आलं. आई-वडील, भाऊ, नवरा सगळे गेल्यावर केडगावला शेकडो टाकलेल्या बायकांना तू मोलाची आहेस हे नुसतं न सांगता जागा, शाळा आणि काम देऊन दाखवलेली बाई ती. पुण्याला जाताना दौंडच्या पुढं आपली गाडी त्याच केडगाववरून जाते. ३६६ पानात या दोघांचं एक वाक्य नाही. हो, २९ फेब्रुवारीचं पान आहे, तेवढं त्यांनी लक्षात ठेवलंय.

फोनवरचं अ‍ॅप घ्यावं का हे हमखास विचारतात. मी दोन्ही वापरलंय. अ‍ॅपमध्ये ऑडिओ आहे, शोधता येतं, फुकट आहे, आणि लूक नि मत्तय शेजारी शेजारी उघडता येतात, अभ्यासाला तेच बरं. पण सलग किती दिवस वाचलं याचा आकडा दाखवतात ते मला सहन होत नाही. तुझं मोल तुझ्या कर्तृत्वावर नाही असं वाचायचं आणि वर हजेरी भरायची, एक दिवस चुकला की आकडा शून्यावर आणि दिवसभर उगाच अपराधी. कॅलेंडर काही बोलत नाही. आठवडाभर पान नाही उलटलं तर ते त्याच तारखेवर उभं असतं, काकू ओरडतात तेवढंच.

माझे पाचपैकी साडेतीन स्टार. "वाचा" ची ओळ नसती तर अडीच. फक्त वरचं वचन वाचून पळायचं असेल तर २२० घालू नका, ग्रुपवर रोज सकाळी फुलांच्या फोटोवर तेच येतं. घरात बायबल आहे आणि रोज पंधरा-वीस मिनिटं काढता येतात अशांनी घ्या. खरेदी करताना मधलं एखादं पान उघडून तळाला अध्याय दिलाय का बघा, काहींत नुसतं वचन असतं. आणि स्पायरल तारेचं आहे का तपासा, प्लास्टिकचं आमच्या ऑफिसात दुसऱ्या एकाकडं आहे, ते उन्हाळ्यात वाकडं झालं आणि आता पान उलटायला दोन्ही हात लागतात.